अकरा सह्यांनंतरचं बारावं पत्र

प्रति,
मा. जोसेफ ब्लूमफिल्ड,
गव्हर्नर, न्यू जर्सी (सन १८०४)

विषय : अमेरिकेचे उपाध्यक्ष एरन बर यांच्यावरचा, द्वंद्वात अलेक्झांडर हॅमिल्टनला गोळी घातल्याबद्दलचा खुनाचा खटला

महोदय,
स. न. वि. वि.

पत्राला दोनशेहून जास्त वर्षं उशीर झालाय, मान्य. पण १८०४च्या नोव्हेंबरात अकरा सिनेटरांनी सह्या करून 'बर यांच्यावरचा खटला थांबवा' म्हणून तुम्हाला पत्र लिहिलं होतं. त्यात तुमच्या राज्यातल्या साध्या रहिवाशाची सही नव्हती. ती माझी धरा.

मी वीहॉकनच्या जवळच राहते. ते द्वंद्व इथेच झालं. कड्यावरच्या बागेत अलेक्झांडर हॅमिल्टनचा, म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या अर्थमंत्र्याचा, अर्धपुतळा आहे. गोळी लागल्यावर त्याने डोकं टेकलं असं सांगतात, तो धोंडाही आहे. खरी जागा खाली हडसन नदीकाठच्या अरुंद सपाटीवर होती, ती पुढे रेल्वेने पोखरून टाकली. पुण्याहून आलेले आमचे पाहुणे पुतळ्याकडे पाठ करून पलीकडच्या मॅनहॅटनचे फोटो काढतात.

भांडण एका शब्दावरून. एप्रिल १८०४मध्ये बर न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाची निवडणूक हरला. त्याच सुमारास ऑल्बनीच्या वर्तमानपत्रात एका डॉक्टरांचं पत्र आलं, की हॅमिल्टनने बरबद्दल 'याहूनही तिरस्करणीय' मत सांगितलंय. म्हणजे नेमकं काय, ते लिहिलंच नव्हतं. बरने खुलासा मागितला, तर हॅमिल्टनने त्या शब्दाच्या छटांवर लांबलचक उत्तर धाडलं. दोघेही वकील! पत्रं वाढत गेली आणि ११ जुलैच्या सकाळी दोघे पिस्तुलांच्या द्वंद्वासाठी वेगवेगळ्या होड्यांतून तुमच्या काठावर उतरले. तीन वर्षांपूर्वी याच नदीच्या याच काठाला, थोडं खाली, हॅमिल्टनचा एकोणीस वर्षांचा थोरला मुलगा फिलिप असाच गेला होता. तरी बाप आला, आणि बरच्या गोळीने कोसळला.

मला खटकतात ते नावाडी. ते पाठ फिरवून उभे राहिले. सोबत आणलेल्या डॉक्टर होसॅकनीही तोंड फिरवलं. पिस्तुलं पेटीत बंद करून आणलेली. हे सगळं कशासाठी, तर उद्या शपथेवर सांगता यावं, 'आम्ही काही पाहिलं नाही.' (आमच्याकडच्या साक्षीदारांना एवढी तयारी लागत नाही.)

दुसऱ्या दिवशी दुपारी हॅमिल्टन न्यूयॉर्कमध्ये वारला, आणि इथून कायद्याची गंमत सुरू झाली. न्यूयॉर्कच्या ज्युरीने द्वंद्वाचं आव्हान दिल्याचा किरकोळ गुन्हा लावला, कारण गोळी पलीकडे झाडलेली. तुमच्या बर्गन काउंटीच्या ज्युरीने सरळ खुनाचा आरोप ठेवला, तर पुढे तुमच्याच सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण माणूस मेला न्यूयॉर्कात. गोळी एका काठावर, प्राण दुसऱ्या काठावर. एवढ्या भांडवलावर बर सुटला, एक दिवसही खटला न चालता.

मधल्या काळात तो फिलाडेल्फिया, मग जॉर्जियाच्या किनाऱ्यावरचं बेट असं करत लपला आणि नोव्हेंबरात वॉशिंग्टनला येऊन सिनेटच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसला. उपाध्यक्षच होता तो, कोण उठवणार? १८०५च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती सॅम्युएल चेस यांच्यावरचा महाभियोग त्याच्याच अध्यक्षतेखाली चालला. पूर्वी खुनी न्यायाधीशासमोर उभे राहत, आता न्यायाधीश खुन्यासमोर उभा आहे, असं तेव्हा लोक म्हणालेच.

म्हणून त्या अकरांचा राग येतो. सुसंस्कृत राष्ट्रं अशा मृत्यूला साधा खून मानत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. सिनेटच्या कामात अडचण नको, हेही होतंच. आमच्या भाषेत याला 'वरून फोन आला' म्हणतात. तुमच्या काळी फोन नव्हता, तर सह्या करून कागद पाठवला, एवढाच फरक. खटला तुम्ही मागे घेतला नाहीत. पुढे तो कोर्टात बुडाला, ती गोष्ट वेगळी. तुमचे आभार मानायचे राहिले होते.

एलायझा हॅमिल्टन नवऱ्यामागे पन्नास वर्षं जगली. कर्ज होतं, सात मुलं होती. त्या अकरांपैकी कुणी तिला चार ओळी लिहिल्या असत्या, तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

आपली,
हडसनच्या अलीकडची एक रहिवासी

ता. क. पिस्तुलं हॅमिल्टनच्या साडूची, जॉन चर्चची होती. आज ती जेपी मॉर्गन चेस बँकेकडे आहेत. या बँकेची एक मुळी पाणीपुरवठ्याच्या नावाखाली काढलेल्या मॅनहॅटन कंपनीत सापडते, आणि ती कंपनी १७९९मध्ये काढली होती बरसाहेबांनी.