माझ्या आहारतज्ज्ञ मॅडमना जाहीर आभार

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

क्रोन्स या पचनमार्गाला दीर्घकाळ दाह होणाऱ्या आजाराने माझे आतडे बिघडवलेच, पण त्याहून आधी माझे चारचौघांत मिसळणे बंद केले होते. हे आपण न सांगता ओळखलेत, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

पहिल्या भेटीत आपण वजन विचारण्यापूर्वी आणि तपासण्यांचे अहवाल हाती घेण्यापूर्वी मला शौचालयाचे दार दाखवलेत, आणि ‘मधेच उठावे लागले तर विचारू नका, मी थांबते’ असे म्हणालात. निरोगी माणसाला हे किरकोळ वाटेल. परंतु कुठल्याही नव्या जागी पाऊल टाकताच ज्याची नजर आधी शौचालय शोधते, प्रवास असला की जो आदल्या रात्रीपासून उपाशी राहतो आणि बोलणाऱ्याकडे पाहत असतानाही ज्याचे अर्धे चित्त पोटाकडे असते, त्याला त्या वाक्याची किंमत विचारावी. त्या दिवशी मला खरोखरच उठावे लागले. परत आलो तेव्हा आपण काहीही न विचारता, अर्धवट राहिलेले वाक्य तिथूनच पुढे सुरू केलेत. इतक्या वर्षांत मला प्रथमच लाज वाटली नाही.

आपल्याआधी ज्यांच्याकडे गेलो, त्यांची आठवण आजही कडवट आहे. माझे वजन उतरत असताना एकाने ‘मनावर ताण घेऊ नका’ एवढ्यावर बोळवण केली. दुसऱ्या ठिकाणी निषिद्ध पदार्थांची छापील यादी मिळाली. दूध, फळे, भाज्या, कडधान्ये सारेच वर्ज्य, आणि मग खायचे काय, याचे उत्तर त्यात कुठेच नव्हते. ‘औषधे सोडा, केवळ आहाराने मुळापासून बरे करतो’ असे छातीठोकपणे सांगणाराही भेटला, आणि त्याच्यावरचा राग अजून शमलेला नाही, कारण हताश झालेला रुग्ण अशाच वाक्याला बळी पडतो.

आपण मात्र प्रथमच स्पष्ट केलेत की आतड्याचा दाह आटोक्यात ठेवण्याचे काम औषधांचे आहे आणि त्यांच्या जागी पथ्य चालणार नाही; पथ्याने त्रास कमी करायचा आणि शरीराचे पोषण राखायचे. त्यानंतर विचारलेत, ‘तुम्हाला आवडते काय?’ मी सांगितलेल्या पदार्थांपैकी एकही आपण सरळ खोडला नाहीत. माझे लहान आतडे शेवटच्या भागात अरुंद झाले आहे, त्यामुळे साली, बिया आणि कच्चा चोथा तिथे अडकू शकतो, पण तीच भाजी सोलून मऊ शिजवली की चालू शकते, हे आपण कागदावर आतडे काढून समजावलेत. ब-१२ जीवनसत्त्व त्याच भागात शोषले जाते, म्हणून कितीही चौरस आहार घेतला तरी मला ते वेगळे घ्यावे लागेल, हेही तेव्हाच कळले. कारण समजल्यावर पथ्य जाचत नाही. धूम्रपानाबाबत मात्र आपण जराही सवलत दिली नाहीत, कारण क्रोन्समध्ये त्याने आजार अधिक वेळा उफाळतो आणि शस्त्रक्रियेची शक्यताही वाढते. ते मी सोडले आहे.

थोडे थोडे पण अधिक वेळा खाणे, झोपेची वेळ न चुकवणे, एका वेळी एकच नवा पदार्थ घेऊन त्याची वहीत नोंद करणे, या सवयी आता अंगवळणी पडल्या आहेत. रुग्णाला ज्ञान देणारे पुष्कळ भेटतात, परंतु त्याचा संकोच जपून ज्ञान देणारे विरळा. आणि माणुसकीचा हा भाग कुठल्याही अभ्यासक्रमाच्या परीक्षेत विचारला जात नसावा, याचे मला वाईट वाटते.

आपण विचारले होते म्हणून कळवतो: मऊ शिजवलेल्या भाज्या आता रोज पचतात, सालीशिवायची फळेही चालतात, मात्र दुधाने अजून पोट फुगते. आजार पुन्हा उफाळेल तेव्हा यातले बरेच काही काही काळ थांबवावे लागेल, याची मला कल्पना आहे. कडधान्ये कधी सुरू करायची, हे पुढच्या भेटीत आपल्याला विचारणार आहे.

आपला कृतज्ञ,
एक रुग्ण