धार्मिकतेची टक्केवारी आणि न छापलेला प्रश्न

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘लोक अधिक धार्मिक झाले’ किंवा ‘देवाधर्मापासून दुरावले’ अशा बातम्या सर्वेक्षणांच्या आधारे अधूनमधून छापून येतात. त्यांत टक्केवारी ठळक असते. ती कोणत्या प्रश्नातून निघाली, हे मात्र बहुधा दिलेले नसते.

इंग्लंड व वेल्सच्या २०११च्या जनगणनेत ‘तुमचा धर्म कोणता?’ असे विचारले होते आणि सुमारे २५ टक्के लोकांपुढे ‘कोणताही नाही’ अशी नोंद झाली. ब्रिटनमधील सामाजिक दृष्टिकोनांच्या वार्षिक पाहणीत ‘तुम्ही स्वतःला एखाद्या विशिष्ट धर्माचे मानता का?’ असे विचारतात. तेथे त्याच सुमारास जवळजवळ निम्म्या लोकांनी नकार दिला होता. जनगणनेचा अर्ज घरातला एक जण सर्वांसाठी भरू शकतो आणि पाहणी केवळ प्रौढांची असते, हे खरे. तरीही पहिला प्रश्न धर्म आहे असे गृहीत धरतो, दुसरा धरत नाही, हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आचरणाविषयी विचारले तर वेगळीच अडचण येते. अमेरिकेत सुमारे ४० टक्के लोक आपण दर आठवड्याला चर्चला जातो असे सांगत असत. हॅडवे, मार्लर आणि शाव्ह्झ या संशोधकांनी ओहायो राज्यातील एका काउंटीत प्रत्यक्ष उपस्थितीचे आकडे गोळा केले, यादीत नसलेली चर्चही शोधून काढली आणि काही ठिकाणी आवारातल्या मोटारी मोजून अंदाज बांधला. १९९३ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की खरी उपस्थिती सांगितलेल्याच्या जेमतेम निम्मी होती. याला सरसकट खोटेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण माणूस अशा वेळी गेल्या रविवारचा हिशेब देत नसतो, आपण कोण आहोत ते सांगत असतो. चर्चचे नावही न काढता ‘काल सकाळपासून काय काय केलेत?’ अशी दिनचर्या विचारली की हा फुगवटा बराच उतरतो, असेही पुढे दिसून आले.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स ग्लॉक यांनी १९६०च्या दशकात श्रद्धा, आचरण, अनुभूती, धर्मविषयक ज्ञान आणि या सर्वांचा दैनंदिन वागण्यावर होणारा परिणाम अशी धार्मिकतेची पाच अंगे वेगळी केली, ती याचसाठी. नित्यनेमाने प्रार्थना करणारा धर्मग्रंथाविषयी अनभिज्ञ असू शकतो, आणि ग्रंथ मुखोद्गत असणारा अश्रद्धही. शिवाय आठवड्यातून एकदा सामूहिक उपासनेला जाणे हे माप ज्या धर्मांत तशी प्रथाच नाही त्यांच्यावर लावले, तर त्यांचे अनुयायी कागदोपत्री विनाकारण कमी धार्मिक ठरतात.

तेव्हा अशी बातमी देताना मूळ प्रश्न शब्दशः, उत्तरांचे पर्याय आणि उत्तर देण्यास नकार देणाऱ्यांचे प्रमाण एवढे तरी चौकटीत द्यावे, अशी विनंती आहे. तीन-चार ओळींपेक्षा अधिक जागा त्यासाठी लागणार नाही.

कळावे,
आपला एक नियमित वाचक