'डार्क' बघताना

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

जर्मनची परीक्षा संपली, दहा दिवस सुट्टी आहे, एका दमात संपवण्यासारखी मालिका सांग, असं विचारलंस. 'डार्क' बघ. बारान बो ओडार आणि यांट्यं फ्रीझं यांनी घडवलेली ही नेटफ्लिक्सची पहिली जर्मन मालिका. तीन सीझन, 10, 8 आणि 8 मिळून 26 भाग, म्हणजे साधारण 24 तास. दिवसाला तीनच्या वर भाग मात्र लावू नकोस. चौथ्या भागापर्यंत डोळे थकतात, मग आपण चेहरे बघायचं सोडून नुसती खालची अक्षरं वाचत बसतो. आणि ही मालिका चेहऱ्यांवर उभी आहे.

बसण्याआधी दोन गोष्टी कर. आपल्याकडे ती बऱ्याचदा इंग्रजी डबिंगमध्येच सुरू होते. ऑडिओत जाऊन जर्मन निवड. सबटायटल इंग्रजी ठेव, पण 'सीसी' लिहिलेलं नको; ते बहुधा डबिंगच्या संवादांवरून केलेलं असतं, त्यामुळे कानावर एक पडतं आणि खाली दुसरंच दिसतं. जर्मन ऐकण्यात तुझा आणखी एक फायदा आहे. कोण कोणाला 'डू' म्हणतं आणि कोण 'झी', इकडे लक्ष ठेव. इंग्रजीत दोन्हीचं 'यू' होऊन जातं. तू-तुम्हीचा फरक जन्मापासून कानावर असलेल्या आपल्याला तो लगेच कळतो, आणि माणसं एकमेकांच्या किती जवळची आहेत हे त्यातून उमगतं. दुसरं, प्रोफाइलच्या प्लेबॅक सेटिंगमधलं ऑटोप्ले बंद कर. भाग संपल्यावर पाच मिनिटं लागतात, ती कागदासाठी.

हो, कागद लागेल. मोठा ड्रॉइंग पेपर आडवा धर आणि मधोमध गोष्टीतल्या तीन काळांचे तीन रकाने आख: 1953, 1986, 2019. दोन्ही बाजूंना वीतभर जागा कोरी सोड, पुढे लागते. विंडेन या काल्पनिक गावातली चार घराणी आहेत: कानवाल्ड, नील्सन, डॉप्लर, टीडमान. प्रत्येकाला एक रंग दे. नावं पेनाने लिहिलीस तरी चालेल, नाती मात्र पेन्सिलनेच, कारण ती खोडावी लागतात. नावापुढे एखादी खूण लिही: व्रण, डोळे, केसांची ठेवण, नायक योनासचा पिवळा रेनकोट. एकच माणूस तीन वयांत तीन नट करतात, आणि ही निवड इतकी नेमकी आहे की एवढ्यासाठीच मी ही मालिका कुणालाही सुचवीन. पहिल्या सीझनच्या तिसऱ्या भागात पडदा दुभागून एकाच माणसाचं तेव्हाचं आणि आताचं रूप शेजारी शेजारी दाखवलंय. तिथे थांबव, जबडा बघ, मान कशी कलते ते बघ. कागदावरची निम्मी ओळख तिथेच पक्की होते.

या तीन सालांमधलं 33 वर्षांचं चक्र त्यांनी मनानेच काढलेलं नाही. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान, म्हणून 33 सौर वर्षांत जवळजवळ 34 चांद्र वर्षं बसतात. रमजान ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत साधारण तेवढ्याच काळात पूर्ण फेरी मारते. आपण अधिक महिना घालून हा फरक भरून काढतो. हे डोक्यात ठेवलंस तर हे काळ एकमेकांना जोडणाऱ्या गुहेचं गणित जड जाणार नाही. गावात अणुवीज केंद्र आहे आणि 1986 ची गोष्ट नोव्हेंबरातली, म्हणजे एप्रिलमधल्या चेर्नोबिलच्या स्फोटानंतर सहा-सात महिन्यांची. पश्चिम जर्मनीतल्या लोकांच्या मनात ती भीती तेव्हा ताजी होती.

सुरुवात एका आत्महत्येने होते आणि पुढे मुलं बेपत्ता होतात. मन जड असेल त्या रात्री लावू नकोस. पाचव्या भागानंतर त्या दिवसापुरतं थांबच. तिथे जे कळतं ते मुरायला एक रात्र हवी. दुसऱ्या सीझनचा सहावा भाग शांतपणे, मोबाइल लांब ठेवून बघ. माझ्या मते सगळ्या मालिकेत तोच सर्वांत उत्तम आहे. दुसरा सीझन संपला की तिसऱ्याला फार अंतर देऊ नकोस आणि नवा कोरा कागद घे. का, ते आत्ता सांगत नाही. तिसऱ्यात घाई जाणवते, काही माणसं नीट उभीच राहत नाहीत. शेवट मात्र त्यांनी चुकवलेला नाही.

नाती नेटवर शोधू नकोस. नाव टाइप करताच खाली 'हिची आई कोण' असं सुचवलं जातं, आणि दहा भागांची गंमत तिथेच जाते. 2017 च्या डिसेंबरात पहिला सीझन बघितलेल्यांना दुसऱ्यासाठी दीड वर्ष थांबावं लागलं, तोवर बरंच विसरायला झालं. तुला तिन्ही सलग मिळताहेत. तिसरा 27 जून 2020 रोजी आला. ही तारीख लक्षात ठेव, ती तुला गोष्टीत भेटेल.

शेवटचा भाग संपला की त्याच दिवशी पहिला भाग पुन्हा लाव, या वेळी सबटायटल जर्मन. 'वो' आणि 'वान', म्हणजे 'कुठे' आणि 'केव्हा', हे दोन शब्द कोण कधी वापरतं तेवढंच ऐक. दोन्ही कागद गुंडाळून घरी आण, भिंतीवर लावून बघू.

तुझी,
आई