शांताकाकूंचे नाव

लालबाग, मुंबई
१८ जानेवारी २०२६

प्रिय वसंत यास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिले नाही आणि फोनवर ‘सगळे बरे आहे’ म्हणून वेळ मारून नेली, याबद्दल आधी क्षमा मागतो. प्रकृती ठीक आहे. साखर आटोक्यात आहे, गुडघा नाही. हे सारे फोनवरही सांगता आले असते. पण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि यावेळी मध्ये कोणी बोलले, तर मी अर्ध्यावरच विषय सोडून देईन.

गेल्या महिन्यात मी शांताकाकूंचे नाव सोसायटीच्या थकबाकीदारांच्या फलकावर लिहिले.

लिफ्टशेजारचा पांढरा फलक तुला आठवत असेल. बँकेत पस्तीस वर्षे काढली असल्यामुळे माझे अक्षर चांगले आहे असा सर्वांचा समज आहे, म्हणून दर तिमाहीची यादी सचिव या नात्याने मीच लिहितो. नाव लिहिताना माझा हात थांबला असे सांगितले तर तुला बरे वाटेल, पण ते खोटे ठरेल. एकतीस नावे होती, काकूंचे अकरावे होते, आणि बारावे लिहून झाल्यावर आपण काय लिहून बसलो हे माझ्या ध्यानात आले. पुसता आले असते. मागे बंड्या उभा होता आणि त्याचे नाव चौथे होते, त्यामुळे पुसले नाही. दुसऱ्या दिवशी काकू दूध घेऊन येताना फलकापुढे थांबल्या. मी पंपाच्या माणसाशी बोलत होतो. त्या म्हणाल्या, “अक्षर तुझंच ना रे मधू? चांगलं आहे.” आणि लिफ्टमध्ये शिरल्या. त्या स्वरात टोमणा होता की नाही, हे तू इथे असतास तर मला सांगू शकला असतास. मला अजून कळलेले नाही.

रक्कम ४७,८५०. तू विचारशील की एवढी कशी झाली. चाळीत महिन्याला बत्तीस रुपये भाडे होते, आणि घरमालकाचा माणूस ते मागायला येताना स्वतःच ओशाळायचा. आता तेवीस मजले आहेत. दोन लिफ्ट, पाण्याचे पंप, आगीचा पंप, तीन पाळ्यांचे पहारेकरी, जिन्यातले दिवे, पुढच्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवायचा सिंकिंग फंड. सारे वाटून महिन्याला ५,८०० होतात. मालमत्ता कर पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून माफ झाला, एवढाच दिलासा. थकबाकीवर उपविधींप्रमाणे २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येते, आम्ही १८ लावतो, आणि त्यासाठी कार्यकारिणी मला फार मऊ समजते. काकूंना श्रावणबाळ योजनेचे दीड हजार मिळतात. मुलगा बदलापूरहून जमेल तेव्हा दोन-तीन हजार पाठवतो, पण त्याचे स्वतःचे भाडे, दोन मुलींच्या शाळा आणि रोजची गाडी यांतून ते दर महिन्याला जमत नाही. म्हणजे सरकारच्या दफ्तरी ही बाई निराधार आहे आणि खाली चहाच्या टपरीवर बसणाऱ्या दलालाच्या वहीत ती सव्वा कोटीची मालकीण आहे. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. सव्वा कोटीतून पाव किलो बांगडा मात्र निघत नाही. पूर्वी सुरमई शुक्रवारी यायची, मग बांगडा आला, आता सुकट असते, आणि बेस्टचे पाचाचे तिकीट गेल्या मे महिन्यात दहाचे झाल्यापासून काकू परळच्या दवाखान्यात चालत जातात.

आता तुझा मुद्दा. २००८ च्या त्या गच्चीवरच्या सभेत, चाळ पाडून टॉवर बांधणाऱ्या बिल्डरकडून जी जादा रक्कम आपण भांडून मिळवली, ती सारी सोसायटीच्या नावे ठेवावी आणि फक्त व्याजाला हात लावावा, असे तू म्हणाला होतास. आणि मी उठून म्हणालो होतो की गिरणी बुडाल्यापासून या लोकांनी रोकड पाहिलेली नाही, त्यांचे पैसे त्यांच्या हाती पडू देत. टाळ्या मला मिळाल्या. तू आठ महिने माझ्याशी बोलला नाहीस, आणि पुढे ताबा मिळाल्यावर तू घर विकून कुडाळला निघालास तेव्हा मी चारचौघांत तुला पळपुटा म्हणालो. वसंत, तुझे बरोबर होते. काकूंचे तीन लाख मुलाच्या आजारपणात गेले, बंड्याचे मोटारसायकलीत आणि जुन्या कर्जात, आप्पांचे लेकीच्या लग्नात. यांतले कोणतेही कारण मी सभेत उभा राहून चूक ठरवू शकणार नाही. तरीही तुझे बरोबर होते. (पळपुटा हा शब्द मात्र तूच आधी वापरला होतास, मी प्रतीक्षानगरच्या संक्रमण शिबिरात सर्वांआधी गेलो तेव्हा. हे विसरू नकोस.)

शेजारची सेल इमारत, म्हणजे बिल्डरने बाहेरच्यांना विकायला बांधलेली, पूर्ण झाली. तिचा दरवाजा मागच्या रस्त्याला आहे, त्यामुळे एकाच प्लॉटवर राहून आपली आणि त्यांची गाठ पडत नाही. त्यांचे पाळीव कुत्रे तेवढे ओळखीचे झाले आहेत, कारण त्यांना फिरवणारी मुले आपल्याकडची आहेत. त्यांच्या पार्किंगची एक जागा अडीच मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब आहे. मी हिशेब केला, साधारण १४८ चौरस फूट होतात. आपली चाळीतली खोली दहा बाय बाराची होती, म्हणजे १२०. माझे आई-वडील, आम्ही चार भावंडे आणि गावाहून आलेला एखादा बदली कामगार मिळून एका मोटारीपेक्षा कमी जागेत राहत होतो. त्यातही आपण अभ्यासाला जागा नाही म्हणून गॅलरीत बसायचो आणि तू माझ्या पुढे पास व्हायचास, हा निराळा विषय.

२०२४ साली हुरुनच्या, म्हणजे जगातल्या श्रीमंतांच्या, यादीत मुंबईचे ९२ अब्जाधीश निघाले, बीजिंगपेक्षा एक जास्त, म्हणून वर्तमानपत्रांनी केवढा आनंद केला होता. त्यांच्या नावांची यादी वर्तमानपत्रात येते, आमची लिफ्टशेजारी लागते.

संध्याकाळी खिडकीत उभा राहिलो की गिरण्यांच्या चिमण्या मोजायची सवय अजून जात नाही, आणि मोजायला आता टॉवरच असतात. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली एका दुरुस्तीने ते वाटे फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरते उरले, आणि गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती, हे आपल्या वडिलांना विचारले असते तरी त्यांनी सांगितले असते. उच्च न्यायालयात आपले लोक जिंकले, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. त्याच्या आदल्या वर्षी कोहिनूर गिरणीची जागा ४२१ कोटींना गेली तेव्हा तू ४२१ वर किती शून्ये येतात ते पाटीवर लिहून दाखवले होतेस. गिरणी कामगारांच्या सोडतीत २०१२ साली घरे ६,९२५ होती आणि अर्ज लाखाच्या वर. आमच्या आईचा अर्ज तिच्या मागे राहिला.

पण हे सारे तुला ठाऊक आहे, आणि माझे दुखणे त्यात नाही. माझे दुखणे काकूंच्या वहीत आहे.

आजची तारीख मी मुद्दाम निवडलेली नाही, लिहायला बसल्यावर लक्षात आले. १८ जानेवारी १९८२, गिरणी संपाचा पहिला दिवस. आपण अकरावीत होतो. भोंगा वाजला नाही तेव्हा आपल्याला सुटी वाटली होती. काकूंच्या खाणावळीत तेव्हा बावीस माणसे जेवत. त्या बाईने खाणावळवाल्या बायकांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाच्या ओळखीने बँकेतून कर्ज काढले होते. मंडळाच्या संस्थापक प्रेमाताई पुरव घरी आल्या होत्या त्या दिवशी आपण दोघांनी जिन्यात उभे राहून पाहिले होते. संप लांबत गेला, महिन्याचे पैसे येईनात, आणि काकू लाल वहीत लिहीत राहिल्या. वाटणातले खोबरे कमी झाले, डाळ पातळ झाली, पण ताट वाढायचे थांबले नाही. तुझे बाबा आणि माझे वडील घरी ‘जेवून आलो’ म्हणायचे, ते तिथे जेवून यायचे, म्हणजे आपल्या वाट्याचे घरी शिल्लक राहावे. त्या वहीत अडीच लाख कामगारांपैकी बावीस जणांची नावे होती, आणि ती वही मीठ-मसाल्याच्या फळीवर उपडी ठेवलेली असे. भिंतीवर कधी काही लागले नाही. माझ्या वडिलांचे पैसे शेवटपर्यंत फिटले की नाही हे मला माहीत नाही. तुझ्या बाबांचे फिटले का? तुला ठाऊक असेल तर कळव, आणि फिटले नसतील तर कळवू नकोस.

मी थकबाकी माझ्या खिशातून भरतो म्हणालो. काकूंनी ऐकले नाही. “आज भरशील, पुढच्या महिन्याला काय करशील?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी घर विकायचे ठरवले आहे. घेणारा कोणी परगावचा गुंतवणूकदार आहे, त्याला इथे राहायचे नाही. भाड्याने देईल आणि आपल्याला वर दहा टक्के बिनवापर शुल्क मिळेल, म्हणून कार्यकारिणी खूश आहे. ना हरकत पत्र अर्थात मलाच द्यायचे आहे. काकू बदलापूरला मुलाकडे जातील. त्यांच्या जुन्या पितळी पातेल्यांचे काय करायचे, यावर आमचे परवा दोन तास बोलणे झाले आणि निर्णय झाला नाही.

तुझ्या कलमांना मोहर धरला का? धाकटीचे ठरले असे वहिनींकडून कळले, फार आनंद झाला. तारीख निश्चित झाली की कळव, येण्याचे पाहतो. छपराच्या कामाचे पुढे काय झाले?

आता ज्यासाठी लिहिले ते. दस्त नोंदणीच्या वेळी ओळख पटवायला दोन साक्षीदार लागतात. काकू म्हणाल्या, “एक तू, आणि एक वसंत. दुसरा कोणी नको.” मी त्यांना म्हणालो की वसंत माझ्यावर रागावलेला आहे. त्या म्हणाल्या की तो त्यांच्यावर रागावलेला नाही. तेव्हा ३ फेब्रुवारीच्या सकाळी इथे असशील असे कर. कोकणकन्येचे तिकीट आजच काढ, येताना मूळ आधार कार्ड घे, आणि उतरायला माझ्याकडेच ये. वर्गणीचे म्हणशील तर पाहुण्यांवर सोसायटी अजून काही आकारत नाही.

फलक तसाच आहे. नाव पुसायचे तर कार्यकारिणीचा ठराव लागतो, असा नियम मीच करून घेतला होता.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मधू