दिवंगत वडिलांच्या आयुर्विमा पॉलिसीचा शोध घेण्यास शाखेने दिलेल्या नकाराबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय

महोदय,

माझे वडील गेल्या वर्षी दिवाळीनंतर हृदयविकाराने वारले. त्यांनी आपल्या कंपनीची आयुर्विमा पॉलिसी घेतलेली होती हे आम्हाला ठाऊक आहे, तिचा क्रमांक मात्र ठाऊक नाही. तो क्रमांक शोधून द्यावा, एवढ्याच विनंतीसाठी माझी आई आणि मी आपल्या ठाण्यातील शाखेत चार महिन्यांत पाच वेळा आलो आणि पाचही वेळा "पॉलिसी नंबर आणा, मग बघू" हे उत्तर घेऊन परतलो. जे सापडत नाही तेच आधी घेऊन या, असे सांगणाऱ्या या उत्तराविरुद्ध मी ही लेखी तक्रार करीत आहे.

आम्ही पूर्वी नौपाड्यात राहत होतो. इमारत पुनर्विकासाला गेल्यावर घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला भाड्याच्या घरात आलो आणि त्या हलवाहलवीत वडिलांची कागदपत्रांची पिशवी गहाळ झाली. ज्या एजंटाकडून पॉलिसी घेतली होती त्यांचा फोन आता लागत नाही. आपल्याकडून काही पत्रे आली असतील, तर ती जुन्या पत्त्यावरच गेली असणार.

तरीही आम्ही रिकाम्या हाताने आलो नव्हतो. वडिलांच्या बचत खात्यातून दर वर्षी जून आणि डिसेंबरमध्ये ६,२४७ रुपये वजा झाले आहेत. पासबुकातील त्या ओळीत आपल्या कंपनीचे संक्षिप्त नाव छापलेले आहे, आणि पुढच्या लांबलचक क्रमांकाचे शेवटचे आकडे पानाच्या शिवणीत गेल्याने वाचता येत नाहीत. म्हणून आम्ही बँकेकडून खातेउतारा घेतला. त्यात ऑटो-डेबिटच्या आदेशाचा क्रमांक पूर्ण दिसतो. तो शाखेत दाखवला, तेव्हा "हा बँकेचा नंबर आहे, पॉलिसीचा नाही" असे सांगून कागद परत सरकवण्यात आला. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या जून महिन्याच्या पानामागे वडिलांच्या अक्षरात "विमा – खात्यात पैसे ठेवणे" असे लिहिलेले आहे, आणि त्यापुढची तारीख खातेउताऱ्याशी जुळते. खात्यातून गेलेला शेवटचा हप्ता तर वडील गेल्यानंतर पंचवीस दिवसांनी कापलेला आहे. माझी मुख्य हरकत इथेच आहे. हप्ता कोणत्या पॉलिसीपोटी घेतला, याची नोंद असल्याखेरीज कोणतीही विमा कंपनी तो खात्यातून वळता करून घेऊ शकत नाही. म्हणजे पैसे जमा करून घेताना जी पॉलिसी आपल्या संगणकाला सापडते, ती विमाधारकाची पत्नी विचारायला आली की सापडेनाशी होते.

तिसऱ्या भेटीत आईने पासबुकाचे ते पान काउंटरवर उघडून ठेवले आणि त्या ओळीवर बोट धरून ती उभी राहिली. समोरच्या कर्मचाऱ्यांनी ते न वाचताच "पॉलिसी नक्की होती का?" असे विचारले. दर सहा महिन्यांनी घरखर्चातून ही रक्कम बाजूला काढलेली तिने स्वतः पाहिली आहे. हा प्रश्न तिला फार लागला.

चौथ्या वेळी आम्हाला संकेतस्थळावरील दावा न केलेल्या रकमांची यादी पाहण्यास सांगण्यात आले. विमा नियामकाच्या आदेशानुसार १,००० रुपये व त्याहून अधिक अशा रकमांचा शोध संकेतस्थळावर उपलब्ध ठेवावा लागतो, हे खरे. पण त्या यादीत देय ठरूनही कोणी न नेलेल्या रकमाच असतात. वडिलांच्या मृत्यूची सूचना शाखेने नोंदवूनच घेतलेली नाही, तर त्यांची रक्कम तिथे दिसणार कशी? शिवाय अशा रकमा दहा वर्षे कोणी मागितल्या नाहीत, तर त्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत वर्ग होतात. घरच्या माणसांना पॉलिसीचा पत्ताच लागू दिला नाही, तर मागणार कोण, याचाही विचार आपण करावा.

यास्तव वडिलांचा पॅन, जन्मतारीख, बँक खाते, मोबाईल क्रमांक आणि नौपाड्यातील जुना पत्ता यांवरून आपण आपल्या नोंदी तपासाव्यात. त्यांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग पॅन कार्डावर एक आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे आहे, म्हणून दोन्ही प्रकारे शोध घ्यावा. पॉलिसी सापडल्यास तिचा क्रमांक, नॉमिनीचे नाव आणि दाव्याचा अर्ज द्यावा, आणि मृत्यूची सूचना आमच्या पहिल्या भेटीच्या दिवशीच मिळाली असे धरावे. त्या दिवशी अर्ज घेऊनही शाखेने पोच दिली नाही, याचा भुर्दंड आईला पडू नये. पॉलिसी नाहीच असे आपले म्हणणे असेल, तर तसे लेखी कळवावे आणि इतकी वर्षे घेतलेले पैसे कशापोटी होते याचाही खुलासा करावा.

तक्रारीचे निराकरण दोन आठवड्यांत होणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवीन, आणि महिनाभरात समाधानकारक उत्तर न आल्यास विमा लोकपालांकडे जाईन.

ठाणे महानगरपालिकेने दिलेला मृत्यूचा दाखला, वडिलांचे पॅन कार्ड व शाळा सोडल्याचा दाखला, पासबुकाचे पान, खातेउतारा आणि आईचे ओळखपत्र यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. आमची नावे, पत्ता व फोन क्रमांक जोडलेल्या अर्जात आहेत. उत्तर कृपया त्यातील कासारवडवलीच्या पत्त्यावरच पाठवावे; नौपाड्यातील जुन्या पत्त्यावर आता इमारत उभी नाही.

आपली विश्वासू,
विमाधारकाची मुलगी
ठाणे (पश्चिम)