वसतिगृहातल्या खोल्या चिठ्ठ्या टाकून द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशांचे दिवस आले की ख्रिस्ती संस्थांनी चालविलेल्या महाविद्यालयांविषयी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात दरवर्षी पत्रे येतात, आणि त्यांचे विषयही बहुतेक ठरलेले असतात. अल्पसंख्याक कोट्यातल्या जागा रिकाम्या का राहतात, कटऑफ एवढा वर का चढतो, आणि तिथे मुलांना प्रार्थना म्हणायला लावतात का. हे प्रश्न गैर नाहीत, पण ते सगळे प्रवेशाच्या दारापाशीच थांबतात. दाराच्या आत गेल्यावर मुले कोणाबरोबर राहतात, कोणाबरोबर जेवतात आणि तीन-चार वर्षांनी कोणाचे मित्र होऊन बाहेर पडतात, याविषयी मात्र कोणी लिहीत नाही. 2011 च्या जनगणनेनुसार आपल्या राज्यात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही किंचित कमी आहे. मुंबईचे विल्सन (1832) आणि सेंट झेवियर्स (1869), नागपूरचे हिस्लॉप (1883), अहिल्यानगरचे अहमदनगर कॉलेज (1947) अशा संस्थांमधून पिढ्यान्‌पिढ्या शिकून गेलेल्यांत ख्रिस्तेतर मुलांची संख्या फार मोठी आहे, ती यामुळेच. त्या मुलांना या संस्थांनी इंग्रजी दिले, प्रयोगशाळा दिल्या, मैदाने दिली हे आपण नेहमी म्हणतो. माझ्या मते त्यांनी दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट वसतिगृहाची खोली ही होती, आणि तीच आता हातची जात असल्याने हे पत्र लिहावे लागत आहे.

मी ऐंशीच्या दशकात एका जिल्ह्याच्या गावी ख्रिस्ती संस्थेच्या महाविद्यालयात शिकलो. प्रार्थनेचे आधीच सांगून मोकळा होतो. सकाळच्या सभेत प्रार्थना होत असे, ज्यांना म्हणायची ते म्हणत, बाकीचे खाली मान घालून राहिलेली झोप घेत, आणि माझ्या माहितीत त्यामुळे कोणाचाही धर्म बदलला नाही. खरी घडामोड संध्याकाळी वसतिगृहात होत असे. तिथे रेक्टरसाहेब अर्ज ज्या क्रमाने आले त्या क्रमाने खोल्या देत आणि बदलून मागणाऱ्याला ‘दिवाळीनंतर या’ असे सांगत. दिवाळीनंतर सहसा कोणी जात नसे.

माझ्या खोलीत जालन्याकडच्या एका पाळकांचा मुलगा होता, वसईच्या केळीच्या वाडीतून आलेला, घरी सामवेदी बोली बोलणारा एक मुलगा होता, आणि पैठणजवळच्या वारकरी घरातला एक. यातले पहिले दोघे ख्रिस्ती असल्याने त्यांचे लगेच जमेल असे आम्हाला वाटले होते. प्रत्यक्षात एकमेकांना पाहून तेच जास्त बिचकले. एक प्रोटेस्टंट, दुसरा कॅथलिक. एकाच्या बोलण्यात उपासना आणि पाळकसाहेब, दुसऱ्याच्या बोलण्यात मिस्सा आणि फादर. वसईकराच्या उशाशी जपमाळ असे आणि जालनेकराला ती पटत नसे, मात्र पैठणच्या मुलाच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेविषयी त्याची काही तक्रार नव्हती. बाहेरून एकजिनसी दिसणाऱ्या समाजाच्या आत किती घरे असतात, हे मला पुस्तकातून कळले नसते.

पहिल्या सहामाहीत आमची मैत्री वगैरे काही नव्हती, भांडणेच होती. बादली कोणाची, रात्री बाराच्या पुढे दिवा कोणी चालू ठेवायचा, घरून आलेल्या लाडवांच्या डब्याला कुलूप का लावले, असे वादाचे विषय. डिसेंबरात पाळकांच्या मुलाने नाताळच्या गीतांच्या सरावाला आम्हाला ओढून नेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने तिथे पेटीवर, थेट अभंगाच्या चालीत म्हटली जात. मृदंगावर बसलेला मुलगा लय ओढत होता, तेव्हा आमच्या पैठणकराला ते सहन होईना. त्याने मृदंग स्वतःकडे घेतला, डाव्या तोंडाला कणीक लावून तो नीट चढवला आणि नाताळच्या संध्याकाळपर्यंत कोणाला परत दिला नाही. वसईच्या मुलाने ख्रिस्ताचे भजन टाळ-मृदंगावर पहिल्यांदाच ऐकले आणि तो दिवसभर ‘हे तर किर्तन आहे’ असे म्हणत फिरत होता. सुट्टीवरून येताना जालनेकराने आईच्या हातच्या करंज्या आणि चकल्या भरलेला स्टीलचा मोठा डबा आणला, तेव्हा नाताळलाही फराळ असतो हे आम्हा बाकीच्यांना कळले. त्या डब्याला कुलूप नव्हते.

हे सारे आठवून गहिवरण्याचा माझा हेतू नाही. त्या खोलीतल्या एकाशी आज माझे बोलणेही नाही, कारण उसने पैसे. सांगायचे आहे ते एवढेच की आम्ही एकमेकांना निवडले असते तर यातले काहीही घडले नसते. मी माझ्याच तालुक्यातली, माझ्याच आडनावाच्या आसपासची मुले निवडली असती, आणि त्यात मला काही वावगे वाटले नसते.

आडनावाचाही एक किस्सा सांगतो. शेजारच्या खोलीत एकाच गावचे, एकाच आडनावाचे, लांबचे भाऊ लागणारे दोघे होते. एकाच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता, दुसऱ्याच्या वडिलांनी 1956 नंतर बौद्ध धम्म स्वीकारला होता. वाडा एक, शाळा एक, गावाने दिलेली वागणूक एक, पण शिष्यवृत्तीचे अर्ज मात्र कार्यालयात दोन वेगळ्या खिडक्यांवर जात, कारण अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांची गणना आपल्याकडे इतर मागासवर्गात होते. त्या दोघांचे अर्ज भरायला आमच्या मजल्यावरची सगळी मुले बसत. राखीव जागांवरची माझी पुष्कळशी ठाम मते त्या अर्जांच्या रकान्यांपाशी ढिली पडली.

महाराष्ट्राचा इतिहास पाहिला तर मिशनच्या शिक्षणसंस्थांविषयी लोकांच्या मनात जी भीती होती ती शिकवण्यापेक्षा पंगतीची जास्त होती असे दिसते. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला आणि जेवला होता, म्हणून प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर केवढे रण माजले, आणि ‘घ्यावे’ म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांचा केवढा रोष पत्करावा लागला, हे आपल्या वाचकांना माहीत असेल. 1890 साली पुण्यात गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींपुढे चहा आला, काहींनी तो प्याला, काहींनी नुसता हातात घेऊन खाली ठेवला, आणि पुढे ते प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्तांवर आले. एका पेल्यावरून जिथे गाव दुभंगले, तिथे शंभर वर्षांच्या आत आमच्या मेसमध्ये एकाच लांब टेबलावर कोण कोणाच्या ताटातली भाजी घेतो आहे हे पाहायला कोणाला सवडही नव्हती. हा बदल भाषणांनी झाला नाही, रोज एकत्र जेवावे लागल्याने झाला.

याहून जुने आणि अधिक बोलके उदाहरण जोतीराव फुल्यांचे आहे. 1841 च्या सुमारास ते पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले आणि तिथे त्यांना सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे असे ब्राह्मण मित्र मिळाले. पुढे 1848 साली मुलींची शाळा निघाली तेव्हा यातले मित्र जोतीरावांच्या कामात होते. गोवंडे नोकरीनिमित्त नगरला असताना जोतीराव तिकडे गेले आणि तिथली मिस फॅरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली, हेही त्या मैत्रीचेच फळ. त्याच काळात एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत त्यांचा अपमान झाला, हे विसरून चालणार नाही. वर्गातल्या मैत्रीने वरात सुधारली नाही. पण वरातीनंतरही गोवंडे मित्रच राहिले, आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे.

आता आजच्या तक्रारीकडे येतो. माझी पुतणी अशाच एका नावाजलेल्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात आहे. प्रवेश होताच तिला ऑनलाइन फॉर्म आला आणि त्यात ‘कोणाबरोबर राहायला आवडेल’ अशी तीन नावे भरायची होती. मुली वसतिगृहात पाऊल टाकण्याआधीच जिल्हावार, समाजवार व्हॉट्सॲप गट झालेले होते, पालकांचे वेगळे गट होते, आणि नावे तिथेच ठरली. परिणाम असा की एक मजला एका जिल्ह्याचा, दुसरा परप्रांतीय मुलींचा, आणि कोणत्याच गटात नाव नसलेल्या मुली, ज्यांत खेड्यातून आलेल्या आणि घरातून पहिल्यांदाच शिकायला निघालेल्या जास्त, त्या जिन्यालगतच्या उरलेल्या खोल्यांत. मेस आहे, पण पुष्कळजणी डबा किंवा पार्सल मागवून खोलीत जेवतात. दुपारनंतर निम्म्या मुली क्लासला जातात. संस्थेचे कोणी मुद्दाम काही वाईट केले आहे असे नाही, मुलींच्या सोयीसाठीच हे केले असे रेक्टरबाई म्हणाल्या आणि त्या खरेच बोलत असाव्यात. पण मूल्यशिक्षणाचा तास वेळापत्रकात ठेवायचा आणि राहण्याची व्यवस्था मात्र आडनावांवर सोडायची, याला काय म्हणावे?

पालकांचे आक्षेप मला ठाऊक आहेत. शाकाहारी मुलांची अडचण खरी आहे, पण त्यासाठी स्वयंपाक वेगळा ठेवता येतो, टेबल वेगळे लागत नाही. आमच्याकडे रविवारी कोंबडी शिजे त्या दिवशी पैठणकराला पिठले मिळे आणि तो ते आमच्याच शेजारी बसून खाई. ओळखीची मुले एकत्र असली की सुरक्षित वाटते हेही मी समजू शकतो, पण रॅगिंगविरुद्ध राज्यात 1999 पासून स्वतंत्र कायदा आहे, त्याची अंमलबजावणी रेक्टरने करायची असते. ती जबाबदारी तालुक्याच्या गोतावळ्यावर टाकणे म्हणजे नव्या टोळ्या बांधणे होय. दोन मुलांचे अगदीच जमले नाही तर सहामाहीनंतर खोली बदलून द्यावी. आजारी किंवा अपंग विद्यार्थ्यांच्या गरजा अर्थातच आधी पाहाव्यात.

माझी मागणी छोटी आहे. ख्रिस्ती संस्थांनी, आणि खरे तर सगळ्याच संस्थांनी, पहिल्या वर्षाच्या वसतिगृहाच्या खोल्या सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून द्याव्यात, अर्जात पसंतीचा रकाना ठेवू नये, आणि रात्रीचे जेवण तरी मेसमध्येच होईल असे पाहावे. यासाठी शासनाचा आदेश लागत नाही, विद्यापीठाची परवानगी लागत नाही, निधी तर अजिबात लागत नाही. बहुतेक ठिकाणी प्रवेशाची शेवटची फेरी व्हायची आहे आणि खोल्यांचे वाटप तिच्यानंतर होते. तेव्हा ठरवलेच तर हे याच वर्षी करता येईल.

आपला,
एक माजी वसतिगृहवासी, पुणे