पोट भरलेले, तरी उपाशी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोरड्या दिवसांत रानातल्या हरणांना धान्य आणि शिळे अन्न नेऊन टाकणाऱ्यांचे कौतुक आपल्या अंकात वाचले. त्यांची कळकळ खरी आहे. पण हे अन्न हरणाच्या जिवावर उठू शकते, म्हणून लिहिते आहे.

हरीण रवंथ करणारे जनावर. त्याच्या कोटीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव चारा पचवतात आणि ते त्या त्या ऋतूतल्या चाऱ्याला सरावलेले असतात. वाळक्या चाऱ्यावर असलेल्या हरणाने एकदम भरपेट धान्य खाल्ले, की पोटात लॅक्टिक आम्ल साचते आणि भरल्या पोटी ते तडफडून मरते.

मुळात रानात कमी पडतो तो चाऱ्याचा कस. गवत निसवून वाळले की कंबरभर उभे दिसते, पण त्यातली प्रथिने उतरलेली असतात. ती साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की सूक्ष्मजीवांचेच काम मंदावते, चारा पोटात रेंगाळतो आणि नवा घास घ्यायला जागा उरत नाही. हरणांच्या लेंड्या बारकाईने पाहा: कोवळ्या चाऱ्याच्या दिवसांत मऊ, एकमेकींना चिकटलेल्या, कोरड्या दिवसांत सुट्या, कडक, मोडली तर आत नुसता काड्यांचा भुसा.

शिवाय सगळ्या हरणांचे खाणे एक नाही. भेकर कोवळी पाने, कळ्या, पडलेली फळे वेचून खाते. चितळ कोवळ्या गवतावर चरते, पण गवत राठ झाले की पाला, फुले, शेंगांकडे वळते. झाडावर वानरे खात असली की खाली चितळे हमखास येतात, कारण वानरे खातात त्याहून जास्त सांडतात. नराला नवी शिंगे फुटताना कॅल्शियम, फॉस्फरस इतके लागते, की ते तो स्वतःच्या हाडांतून काढतो. गळून पडलेली शिंगेही हरणे चघळतात. आपण मात्र ती शोभेसाठी उचलून आणतो, हे मला फार खटकते.

बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ साली २९ रेनडियर सोडले होते. १९६३ पर्यंत त्यांची संख्या सुमारे ६००० झाली. हिवाळ्याचा आधार असलेले दगडफूल त्यांनी खाऊन संपवले, त्यात एक कडक हिवाळा आला आणि १९६६ साली मोजणीत उरले फक्त ४२. आपल्या बातम्यांत हरणांची संख्या वाढली की आनंद असतो. त्या रानात कठीण महिन्यांत खायला काय उरते, हे कुणी विचारत नाही.

आपल्या वार्ताहरांनी तेवढे विचारावे, ही विनंती. कोरड्या दिवसांत फुलणारी-फळणारी कोणती झाडे तिथे उभी आहेत, कोणती तोडली गेली, वणव्यात कोवळी फूट किती जळाली, ते छापा. आणि धान्य टाकू नका, हे पहिल्या पानावर येऊ द्या.

आपली,
एक नियमित वाचक